लेसरला वारा दिसत नाही

वायोमिंग, मोंटानाच्या उघड्या माळांवर कायोटीच्या मागे निघणाऱ्या शिकाऱ्याच्या रायफलवर आता पल्ला मोजणारा स्कोप दिसू लागला आहे. कायोटी कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून बराच लहान. तिकडे वजनाला साधारण दहा-पंधरा किलो. कळ दाबली की लेसरचा अदृश्य झोत त्याच्यावर आपटून परततो आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. बर्रिस कंपनीच्या ‘एलिमिनेटर’सारखे स्कोप त्याही पुढे जातात. काडतुसाची माहिती आधीच भरलेली असते, त्यामुळे नेम कुठे धरायचा तो ठिपकाच भिंगात उजळतो.

या यंत्राला माझा विरोध नाही. ‘.२२३’ची रायफल २०० यार्डांवर जुळवलेली असेल, तर ३०० यार्डांवर गोळी सहा-सात इंच खाली येते आणि ४०० वर वीसेक इंच. कायोटीच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम वीतभर. बर्फाळ माळावर झाड नाही, कुंपण नाही, डोळ्याचा अंदाज पन्नास यार्डांनी सहज चुकतो. मग गोळी छातीऐवजी पायात बसते आणि जनावर तीन पायांवर दिसेनासे होते. ही चूक लेसर खरोखर टाळतो.

पण वाऱ्याचे काय? ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे त्या मुलखात झुळूकच, ४०० यार्डांवर ही हलकी गोळी वीस इंचांच्या आसपास बाजूला नेतो. लेसरला त्यातले काही कळत नाही. गोळी पोहोचायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात कायोटी एक पाऊल पुढे टाकतो. उजळलेला ठिपका मात्र सगळे गणित सुटल्यासारखा दिसतो, आणि एरवी ज्याने बार काढलाच नसता तो काढतो. मला भीती याची वाटते.

कारण अडवणारे दुसरे कोणी नाही. पश्चिमेच्या बहुतेक राज्यांत कायोटीला वर्षभर मारता येते, किती मारावेत यालाही मर्यादा नाही. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब असा स्कोप वापरून मारलेले हरीण किंवा एल्क आपल्या विक्रमांच्या नोंदवहीत घेत नाही. कायोटी त्या वहीतच नाही. हरणाला मिळणारी सभ्यता त्याला का मिळू नये, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही. तो कोकरे मारतो, मेंढपाळाचे नुकसान खरे आहे. पण जखमी होऊन निसटलेला कायोटी मेंढपाळाच्या तरी काय कामाचा?

शिवाय ही शिकार मुळात हाकेची आहे. सशाचा कळवळून ओरडल्यासारखा आवाज काढायचा, वाऱ्याची दिशा राखून निश्चल बसायचे. जमले तर कायोटी शंभर-दीडशे यार्डांत येतो आणि तिथे लेसरची गरजच उरत नाही. जुने शिकारी पहिली हाक देण्याआधीच समोरचा खडक, झुडूप, कुंपणाचा खांब मोजून ठेवतात. नव्या स्कोपचाही तोच उपयोग व्हावा. आपली हद्द आधी ठरवावी, शांत हवेत ३०० यार्ड, वारा सुटला की २००. कायोटी तिच्यापलीकडे थबकला, तर पुन्हा हाक द्यावी. आला नाही तर जाऊ द्यावा.