विश्लेषण : पित्ताशयाचा कर्करोग रक्तचाचणीत सापडतो का?

जेवण झाले की उजव्या बरगडीखाली दुखते, कळ पाठीपर्यंत जाते, मळमळते. घरात त्याला ‘पित्त झालंय’ म्हणतात आणि मेडिकलमधून गोळी येते. बहुतेकांच्या बाबतीत कारण पित्ताशयातले खडे असते. मोजक्यांच्या बाबतीत मात्र कर्करोग असतो आणि तो बहुधा कावीळ झाल्यावरच उघड होतो. तोवर उशीर झालेला असतो.

सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय असो की जवळचे सेवाग्राम, अशा ठिकाणी खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. त्यामुळे साध्या, स्वस्त चाचणीची गरज इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहे.

सध्या कोणत्या चाचण्या आहेत?

सीए १९-९, सीईए आणि सीए १२५ या रक्तातील खुणा मोजल्या जातात. त्यांपैकी सीए १९-९ सर्वाधिक वापरात आहे. तिची नेहमीची मर्यादा मिलिलिटरमागे ३७ युनिट. पण खडा पित्तनलिकेत अडकून कावीळ झाली, तरी हा आकडा भरपूर वाढतो. उलट काही लोकांच्या शरीरात जन्मतःच हा घटक तयार होत नाही. त्यांचा कर्करोग बळावला तरी अहवाल ‘नॉर्मल’ येतो. म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी चाचणी गोंधळात टाकते.

‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये ही चाचणी घुसवणे म्हणूनच चुकीचे आहे. समजा, १ लाख लोकांत ५ जणांना हा रोग आहे आणि चाचणी १०० पैकी ९५ निरोगी माणसांना बरोबर ‘निरोगी’ ठरवते. ऐकायला उत्तम. तरी सुमारे ५ हजार धडधाकट माणसे घाबरून सीटी स्कॅनच्या रांगेत लागतील, तेही ५ रुग्ण शोधण्यासाठी! निदान पक्के झाल्यावर उपचार लागू पडताहेत का, हे पाहायला मात्र हीच चाचणी उपयोगी पडते.

मग संशोधन कशावर चालू आहे?

रक्तात तरंगणारे गाठीचे डीएनएचे तुकडे, सूक्ष्म आरएनए, पित्तातील प्रथिने, लघवीतील चयापचयाचे घटक. पित्त गाठीला थेट लागून असते, म्हणून त्यात खुणा दाट मिळण्याची शक्यता असते. पण ते सुईने सहज काढता येत नाही. दुर्बिणीची प्रक्रिया किंवा शस्त्रक्रिया लागते. खड्यांसाठी पित्ताशय काढताना ते हाती येतेच. रुग्णाच्या संमतीने ते जपून ठेवणे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयांना जमण्यासारखे आहे. हा रोग गंगाकाठी आणि ईशान्येत जास्त आढळतो, तिथले निष्कर्ष विदर्भाला जसेच्या तसे लागू होतील असे गृहीत धरू नये.

तोवर रुग्णाने काय करावे?

दुखणे वारंवार होत असेल तर आधी सोनोग्राफी. भूक मंदावणे, वजन घटणे, डोळे पिवळे होणे यांत एक दिवसही घालवू नये. बायकांमध्ये हा रोग पुरुषांपेक्षा जास्त आढळतो आणि घरात दुखणे अंगावर काढणाऱ्याही त्याच.

शस्त्रक्रियेनंतर नातेवाईक डबीतले खडे कौतुकाने घरी नेतात. काढलेले पित्ताशय तपासणीला गेले का, हे क्वचितच कोणी विचारते. कित्येकदा कर्करोग पहिल्यांदा दिसतो तो याच अहवालात. तो आतल्या अस्तरापुरताच असेल तर बहुधा झालेली शस्त्रक्रिया पुरते. स्नायूच्या थरात शिरला असेल तर यकृताचा लगतचा भाग आणि लसिका ग्रंथी काढण्यासाठी पुन्हा टेबलावर जावे लागते.