उन्हाळ्याचे दोन महिने

व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यास करणारीं मुलेंमुली उन्हाळ्यांत घरीं कां येत नाहींत, असा प्रश्न हल्लीं पुष्कळ कुटुंबांतून ऐकूं येतो; आणि विचारणारे आजी-आजोबा बहुधा रागावलेले असतात. कॉलेजची सुटी म्हणजे आंबे, लग्नकार्यें व मुंजी, हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब. या विद्यार्थ्यांच्या बाबतींत तो चुकतो.

मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापनसंस्था घ्या. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्यानें ती १९६५ सालीं स्थापन झाली. तेथील अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मधले सुमारें दोन महिने विद्यार्थ्यानें एखाद्या व्यवसायांत प्रत्यक्ष काम करावयाचें असतें. १९६१ सालीं निघालेल्या अहमदाबादच्या संस्थेंतही हीच वहिवाट आहे. नामांकित संस्थांत या जागांची निवड आदल्या दिवाळीच्या सुमारासच होऊन जाते. वैशाखांतील लग्नाची तिथि धरतांना वडीलधाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेविलें, तरी पुष्कळ वाद टळतील.

आपल्या परंपरेला ही कल्पना परकी नाहीं. श्रावणांत किंवा भाद्रपदांत उपाकर्म करून वेदाध्ययन आरंभावें, साडेचार महिन्यांनीं उत्सर्जन करावें, आणि पुढें शुक्ल पक्षांत वेद व कृष्ण पक्षांत वेदांगें पढावीं, असा विधि मनुस्मृतींत सांगितला आहे. उत्सर्जन म्हणजे अभ्यासाला रजा नव्हे. त्याचें रूप तेवढें पालटतें. (आज उपाकर्म जानवें बदलण्यापुरतेंच उरलें आहे, ही गोष्ट निराळी.)

खरा प्रश्न जागा निवडण्याचा आहे, आणि तेथें घरचा अभिमान आड येतो. माझ्या परिचयांतील एका कुटुंबांत दोन वर्षांपूर्वीं असा पेंच पडला. मुलीपुढें दोन जागा होत्या: मुंबईंतील एका मोठ्या बँकेचें मुख्य कार्यालय, आणि सांगलीस हळदीचा व्यापार करणारी एक पेढी. बँकेंत विद्यावेतन भरपूर, शिवाय नातेवाइकांस सांगावयास नांव मोठें. सांगलीस वेतन बेताचें, आणि भर उन्हांत अडते व हमाल यांच्या गर्दींत फिरणें. काका म्हणाले, "एवढें शिकून हळदीचीं पोतीं मोजणार काय?" तिनें विचारलें, "काका, बँकेंत मला कोणतें काम देणार, हें त्यांनीं कोठें कळविलें आहे?" कळविलें नव्हतेंच. पेढीच्या मालकांनीं मात्र पत्रांत स्पष्ट लिहिलें होतें, कीं धंदा वाढतो, नफाही दिसतो, तरी हंगामांत हातांत पैसा उरत नाहीं. असें कां होतें, तें शोधून द्यावें. ती सांगलीस गेली.

कारण तसें पुस्तकांतलेंच निघालें. सौद्यांत घेतलेल्या हळदीचा पैसा शेतकऱ्यास लगेच चुकवावा लागतो. तोच माल परप्रांतींच्या मसाला-कारखानदारांस उधारीवर जातो, आणि त्याचा पैसा दोन-दोन महिने येत नाहीं. मधलें व्याज पेढीच्या माथीं. खेळत्या भांडवलाच्या प्रकरणांत हें दोन ओळींत उरकतें. परंतु तिनें तीन वर्षांचीं खातीं चाळून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नांवापुढें पैसा अडकल्याचे दिवस मांडले, तेव्हां असें दिसलें, कीं ज्यांना पेढीवर आल्याबरोबर लोडाजवळ बसवीत, तेच सर्वांत उशिरा पैसे देत होते. आतां हें मालकांना सांगावयाचें कसें? हा धडा वर्गांत मिळत नाहीं.

उन्हाळ्यांतील कामावर खूष होऊन पुष्कळ कंपन्या कायमची नोकरी देऊं करतात, व पालकांची सारी नजर त्यावर असते. त्यांत वावगें नाहीं. मोठ्या कंपनीशीं माझें वैरही नाहीं. पण काम निश्चित असावें, आणि आठवड्यांतून एकदां तरी जवळ बसवून चुका दाखविणारें कोणी जाणतें माणूस असावें. नुसत्या तक्त्यांच्या नकला करावयाच्या असल्या, तर वेतन कितीही असो, तो उन्हाळा फुकट गेला. परदेशांतील विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग ज्यांना परवडतात त्यांनीं जरूर करावे. प्रत्यक्ष कामाची उणीव मात्र त्यांनीं भरून येत नाहीं.

मुलगी परगांवीं जाणार असेल, तर घरांतील एकानें आधीं जाऊन राहण्याची सोय पाहून यावी. सोय होईल कीं नाहीं एवढ्या शंकेवर जागा नाकारूं नये. सांगलीस त्या मुलीला आईच्या मावसबहिणीकडे खोली मिळाली, आणि भाडें घेण्यास त्या बाईंनीं साफ नकार दिला.