आधी तेल काढा, मग ट्रक तोडा



कोल्हापूरच्या फौंड्र्यांना भंगार लागते, आणि आयुष्य संपलेले ट्रक, डंपर, टँकर हे चांगले भंगार आहे. माझी हरकत आहे ती गाडी तोडण्याच्या पद्धतीला.

वाहने मोडीत काढणाऱ्या केंद्रांचे नियम केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये केले. आयुष्य संपलेल्या वाहनांचे पर्यावरणविषयक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. त्यांचा क्रम स्पष्ट आहे : डिझेल, ऑइल, कूलंट, बॅटरी, एसीतला वायू आधी काढायचा, गॅस कटर नंतर. मातीवर, उघड्यावर गाडी तुटते तेव्हा हा क्रम कोण पाळणार? ट्रकच्या इंजिनातच दहा-पंधरा लिटर ऑइल असते. गिअरबॉक्स, डिफरन्शियलचे वेगळे. सांडलेले तेल जमिनीत मुरते आणि पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांतून पंचगंगेकडे वाहते.

यावर सरकारकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण किल्ली खरेदीदाराच्या, म्हणजे फौंड्रीमालकांच्या हातात आहे. भट्टीवर काम केलेल्या कुणालाही विचारा. एअर ब्रेकची बंद टाकी किंवा शॉक ॲब्सॉर्बर न फोडता वितळलेल्या लोखंडात पडला, तर स्फोट होऊन रस अंगावर उडतो. इंजिनाच्या बेअरिंगमधले शिसे ब्लॉकबरोबर भट्टीत गेले, तर अगदी थोडेसेही ग्राफाइटची घडण बिघडवते आणि कास्टिंगची ताकद घटते. तो माल ग्राहकाने नाकारल्यावर स्वस्त भंगारात वाचवलेले पैसे कितीसे उरतात? आणि भाजलेल्या कामगाराचे काय?

नियम आवळले तर छोटा भंगारवाला बुडेल, ही भीती खरी आहे. पाटे, हब, चेसिस यांतला धातू नुसत्या नजरेने ओळखणारी ही माणसे आहेत. त्यांना हाकलणे अन्यायाचे होईल. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत त्यांच्यासाठी पक्क्या फरशीचे, तेल साठवण्याची सोय असलेले सामायिक केंद्र उभारून त्याची रीतसर नोंदणी करावी. जागा एमआयडीसीने द्यावी.

ट्रकमालकांनीही नोंदणीकृत केंद्राचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय गाडी सोडू नये. नोंदणी रद्द झाली नाही, तर गाडीचे तुकडे झाल्यावरही कागदोपत्री मालक तेच राहतात.

फौंड्रीमालकांच्या संघटनांना माझी विनंती आहे : तेल न काढलेले, बंद टाक्या न फोडलेले वाहनांचे भंगार आवारात घेणार नाही, अशी अट पुढच्या खरेदीपासूनच घाला.

– एक फौंड्री कामगार, कोल्हापूर