सूची करावी कोणी?

'एजंट' म्हटले की आपल्याकडे अजून विम्याचा, फार तर जमिनीचा एजंट डोळ्यांसमोर उभा राहतो. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात तिसऱ्याच जातीचा एजंट अवतरला. मासिकाच्या जुन्या अंकांची पाने संगणकावर चढवून झाली होती. आता एखादा शब्द टाकून हवा तो लेख शोधता यावा, एवढीच मागणी होती. एका मित्राने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या एजंटाला चार ओळींत काम सांगितले. एजंटाने आराखडा मांडला, सूची तयार करू का म्हणून विचारले, मित्राने न वाचता 'हो' म्हटले आणि कँटीनमधून चहा येईपर्यंत सूची तयार! आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तेव्हा पुढील मजकुरातील थोडा राग माझा माझ्यावरच आहे, हे आधी सांगून टाकतो.

पंधरा दिवसांनी प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी आली. तिच्या आजोबांनी विद्यार्थी असताना आपल्या मासिकात घराविषयी काही लिहिले होते, एवढे तिला ठाऊक होते. तिने 'घर' हा शब्द टाकला. उत्तर आले : काहीही आढळले नाही. मुलगी हिरमुसली. आजोबांना चुकीचे आठवत असावे, असे म्हणून निघालीसुद्धा. ग्रंथपालांनी तिला थांबवले, बांधीव अंकांचे दोन गठ्ठे काढले आणि लेख तिच्यासमोर ठेवला. मथळ्यातच 'घर' होते!

हे झाले कसे, ते शोधण्यात आमचे चार दिवस गेले. ते दिवस वाया गेले असे मला वाटत नाही.

आपण शब्द टाकतो तेव्हा शोधयंत्र पाने चाळत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी एक यादी त्याने आधीच करून ठेवलेली असते : अमुक शब्द, अमुक पानांवर. कोणते शब्द यादीत घ्यायचे, कोणते किरकोळ म्हणून गाळायचे, कोणाचे शेपूट तोडून मूळ शब्द धरायचा, हे सारे यादी करतानाच ठरते. आणि बहुतेक यंत्रांत एकदा ठरवलेली रीत मागाहून बदलता येत नाही. सूची मोडून पुन्हा बांधावी लागते. म्हणजे मित्राने न वाचता जो 'हो' म्हटला, त्या एका 'हो'मध्ये सगळे व्याकरण येऊन गेले होते.

एजंटाने पाहिले की लिपी देवनागरी आहे. त्याच्या हाताशी असलेल्या तयार रीतींत हिंदी होती, मराठी नव्हती. त्याने हिंदी लावली. लिपी एक म्हणून भाषाही एक! त्या हिंदी रीतीत गाळावयाच्या शब्दांची यादी आहे. तीत 'का', 'की', 'के' आहेत हे समजू शकते, परंतु 'घर' आहे आणि 'वर्ग'ही आहे. महाविद्यालयाच्या मासिकात 'वर्ग' सापडणार नाही, याहून मोठा विनोद कोणता? गंमत अशी की तिने 'घरात' टाकले असते तर तो शब्द असलेली पाने निघाली असती.

पुढचे प्रकरण आडनावांचे. हिंदीत 'देखकर', 'सुनकर' यांतला 'कर' प्रत्यय आहे, तो तोडणे तेथे रास्तच. पण बेळगावपासून गोव्यापर्यंत आपली किती आडनावे 'कर'ने संपतात! 'गावकर' शोधावयास जावे तर यंत्र 'कर' तोडते आणि 'गाव' शब्द असलेले प्रत्येक पान पुढ्यात आणून टाकते. 'मंगेशकर' आणि 'मंगेश' त्याला एकच. दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व करण्याचीही त्या रीतीला सवय आहे, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' एका रांगेत बसले. न्यायाने सांगायचे तर याच सवयीमुळे 'विहीर' आणि 'विहिरी' यांची मात्र गाठ पडली. पण 'विहिरीत' बाहेरच राहिली.

कन्नड विभागाच्या पानांना तर कोणतीच खास रीत मिळाली नव्हती. जागा दिसेल तेथे शब्द तोडायचा, एवढेच. 'मने' टाकले तर 'मनेयल्लि' आणि 'मनेगे' सापडत नाहीत. दोन्ही विभागांचे दुःख एकच निघाले, हे या प्रकरणातले एक बरे.

मला एजंटाचा राग त्याने चूक केली म्हणून नाही. त्याने काम संपवून स्वतःच चाचणी घेतली आणि सर्व ठीक असल्याचे कळवले, त्याचा आहे. चाचणीचे शब्द त्याने पानांवरून जसेच्या तसे उचलले होते, ते सापडणारच! ज्याने प्रश्नपत्रिका काढली, त्यानेच ती सोडवली आणि त्यानेच तपासली. आपल्या परीक्षा मंडळाला हे चालेल काय?

मित्राचे म्हणणे असे की आता अर्थावरून शोधण्याची रीत आली आहे, अक्षरे जुळवीत बसण्याचे दिवस गेले. विषय शोधताना हे मान्य. परंतु माणसाचे नाव, गावाचे नाव शोधताना अक्षरच जुळावे लागते. आणि जुन्या अंकांकडे माणसे बहुधा नावासाठीच येतात. शिवाय १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे अंक 'नांव', 'कांहीं', 'येथें' असे लिहितात. आजचा मुलगा 'नाव' टाकतो आणि ती सारी वर्षे गप्प बसतात. ('ख'चा 'रव' वाचणाऱ्या यंत्राबद्दल मी येथे लिहीत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

बंगळूरात १९६२ साली ग्रंथालयशास्त्राची संशोधन संस्था उभारणारे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवावा हा त्यांतला चौथा; एजंट तो उत्तम पाळतो. पण प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा हा तिसरा नियम त्याच्या आधी येतो. ग्रंथपाल 'नाही' म्हणतात तेव्हा आपण 'जरा पुन्हा बघता का?' असे विचारतो. यंत्राच्या 'नाही'ला आपण पुढे विचारत नाही.

म्हणून माझे मत असे की, सूची एजंटानेच बांधावी, परंतु व्याकरण आपण द्यावे. 'मराठी प्रत्यय तोड' एवढेच सांगून आम्ही पाहिले : 'कोल्हापूरला'चे 'कोल्हापूर' त्याने झकास केले आणि त्याच झपाट्यात 'शिला'चा 'शि'! अपवादांची व जुन्या लेखनाची यादी मराठी व कन्नड विभागांनी करावी. चाचणीचे प्रश्न सूची बांधण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांकडून मागवावेत. चालू सूची मोडण्याचा अधिकार एजंटाकडे ठेवू नये. आणि काही न आढळल्यास पडद्यावर 'ग्रंथपालांस विचारा' ही ओळ यावी.

यादीचे काम सुरू झाले आहे. तीत एका ओळीवर मात्र गाडी अडली आहे. आपल्या शहराचे नाव जुन्या अंकांत 'बेळगांव', नंतर 'बेळगाव', आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत 'बेळगावी'. शिवाय जुन्या मराठीत 'बेळगावी' म्हणजे बेळगावात! ही सर्व एकच धरायची काय, आणि ओळीत पहिले कोणते लिहायचे? एजंटाला विचारले असते तर त्याने क्षणात ठरवून टाकले असते. दोन्ही विभागांचे संपादक बुधवारी स्टाफरूममध्ये बसणार आहेत.