कॅमेरा कपाटात नको, प्रयोगशाळेत हवा



माजी विद्यार्थ्यांच्या कुटुंबांकडून शाळेला भेट मिळालेले काही रोलचे कॅमेरे कार्यालयाच्या कपाटात पडून आहेत. त्यांचे काय करावे याविषयी दोन सूचना आल्या आहेत. जुन्या कॅमेऱ्यांना सध्या बरी किंमत येते, म्हणून ते विकून रक्कम ग्रंथालयाला द्यावी, ही पहिली. दर्शनी दालनात काचेच्या कपाटात ते मांडून ठेवावेत, ही दुसरी. दोन्ही सूचना शाळेच्या हिताच्याच आहेत. तरीही आमचे मत वेगळे आहे. हे कॅमेरे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्यावेत आणि आठवी ते दहावीच्या मुलांनी त्यांचे शटर स्वतः तपासावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम बाजाराचा विचार करू. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा रोलच्या कॅमेऱ्यांना कोणी विचारेना. आता वारे फिरले आहे. लायका कंपनीने १९८४ सालचा आपला एम-६ हा कॅमेरा २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणला. २०२४ मध्ये पेंटॅक्स-१७ हा रोलचा अगदी नवा कॅमेरा निघाला. त्यात ३६ फोटोंच्या रोलवर अर्ध्या आकाराचे ७२ फोटो निघतात आणि रोल पुढे सरकवायला अंगठ्याने ओढायची दांडी मुद्दाम ठेवलेली आहे. मोटर बसवणे त्या कंपनीला अवघड नव्हते. पण हाताने काही केल्याचे समाधान ग्राहकाला हवे आहे, हे तिने ओळखले.

या आवडीला आम्ही नुसते खूळ म्हणणार नाही. जुन्या कॅमेऱ्याची रचनाच मोकळी असते. प्रकाश किती आत घ्यायचा याचे कडे भिंगाभोवती, किती वेळ घ्यायचा याची चकती वर, आणि रोल मागे. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे बनत राहिलेला पेंटॅक्स के-१००० हा साधा कॅमेरा छायाचित्रणाच्या वर्गांत विद्यार्थ्यांचा म्हणून ओळखला गेला, तो याच साधेपणामुळे. बॅटरी संपली तरी त्याचे शटर चालते, कारण ते स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालते. कारण कोणते आणि त्याचा परिणाम कोणता, हे मुलाला त्यात डोळ्यांनी दिसते.

पण बाजार या गुणाची किंमत करत नाही. तो नाव पाहतो, चकाकी पाहतो. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत ‘चालू आहे’ या दोन शब्दांवर व्यवहार होतो. चालू आहे म्हणजे काय? बटण दाबले की ‘खट्’ असा आवाज येतो, एवढेच. चकतीवर १००० लिहिले आहे म्हणजे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेच उघडते, असे कोणी मोजलेले नसते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते.

शटरचे काम थोडक्यात समजून घेऊ. के-१००० सारख्या कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे कापडाचे दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकला की प्रकाश आत येतो, दुसरा मागोमाग येऊन तो बंद करतो. वेग फार असला तर पहिला पूर्ण सरकण्याआधीच दुसरा निघतो आणि दोघांमधली अरुंद फट फिल्मवरून धावत जाते. हे अंतर अचूक राखणे फार कठीण. निकॉनने १९८२ मध्ये एफएम-२ या कॅमेऱ्यात टायटॅनियमची पातळ पाती बसवून सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत मजल मारली, ती अभियांत्रिकीची कमाल होती.

मात्र वर्षे गेली की वंगण घट्ट होते, स्प्रिंगा थकतात. मग १/८ सेकंद म्हणून लावलेले शटर १/४ सेकंद उघडे राहते, म्हणजे दुप्पट प्रकाश आत येतो. दोन पडद्यांची गती जुळली नाही तर फोटोची एक बाजू काळवंडते. वरून कॅमेरा कितीही लखलखीत असो, हा दोष बाहेरून कळत नाही. तो मोजावाच लागतो.

आणि मोजायला रोल लागत नाही, हे पालकांनी कृपया लक्षात घ्यावे. भिंग काढता येत असेल तर काढायचे, मागचे झाकण उघडायचे, एका बाजूला दिवा ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने मोबाइलवर संथ गतीचे चित्रण घ्यायचे. सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोबाइल असेल तर १/८ सेकंदाला ३० चित्रांत उजेड दिसला पाहिजे, १/१५ ला १६ आणि १/३० ला ८. चित्रे मोजा, २४० ने भागा, उत्तर तयार. एखाद्या चित्राची चूक होणारच, म्हणून पाच वेळा मोजून सरासरी काढायची. १/३० च्या पुढे मात्र ही रीत चालत नाही, कारण मग एका चित्राची चूकही फार मोठी ठरते.

जलद वेगासाठी प्रकाश पडताच वीज देणारा छोटा फोटोडायोड घेऊन तो संगणकाच्या माइकच्या खाचेत जोडतात आणि आवाज नोंदवण्याच्या साध्या प्रोग्रॅमने नोंद करतात. शटर उघडले की पडद्यावर एक टोक उमटते, बंद झाले की उलट दिशेचे दुसरे. संगणक सेकंदाला ४४,१०० नोंदी घेत असेल तर हजाराव्या भागात सुमारे ४४ नोंदी बसतात. ४४ च्या जागी ८८ मिळाल्या, तर चकतीवरचे १००० प्रत्यक्षात ५०० आहे. अपूर्णांक, सरासरी, व्यस्त प्रमाण, मापनातील चूक, एवढा अभ्यासक्रम या एका प्रयोगात येतो.

आपल्या गावाचा या विषयाशी जुना संबंध आहे, हेही सांगावेसे वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या बडोद्याच्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले. पुढे १९१२ मध्ये त्यांनी विलायतेहून चित्रपटाचा कॅमेरा आणला, तेव्हा पैसे लावायला कोणी सहज तयार होईना. दादासाहेबांनी वाटाण्याचे बी पेरले, ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले आणि अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. तोंडी आश्वासनापेक्षा प्रयोग बोलका ठरला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा.

दुसरी गोष्ट अधिक घरगुती आहे. अनेक घरांत असलेला अॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा याच बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीत तयार होत असे. रोलवर बारा चौकोनी फोटो, शटरचा एकच वेग, आणि ऊन व ढग यांची चित्रे पाहून फिरवायची खूण. आपल्या कपाटातही तो आहे. आपल्याच गावात बनलेल्या वस्तूचे शटर आपल्याच मुलांनी मोजावे, यापेक्षा तिचा चांगला सन्मान कोणता?

काही पालक म्हणतील, मुलांच्या हातात मोबाइल असताना ही जुनी उठाठेव कशाला? प्रश्न योग्य आहे. परंतु मोबाइलमधले शटर उघडून दाखवता येत नाही. मूल तिथे फक्त वापरणारा राहते. यंत्रावर लिहिलेला आकडा हा बनवणाऱ्याने दिलेला शब्द आहे, तो पाळला जातो की नाही हे तपासायचा हक्क आपला आहे, ही जाणीव आजच्या काळात फार मोलाची आहे. विजेचे मीटर, पेट्रोल पंप, तराजू, जाहिरात, सगळीकडे तीच कामी येईल.

काचेच्या कपाटाविषयी एवढेच, की बंद आणि दमट जागी भिंगावर बुरशी धरते, आणि न हलणाऱ्या यंत्रातले वंगण घट्ट होत जाते. शोभेसाठी ठेवलेला कॅमेरा हळूहळू शोभेपुरताच उरतो.

म्हणून आमची विश्वस्त मंडळास विनंती अशी आहे. निदान तीन वर्षे हे कॅमेरे प्रयोगशाळेत राहू द्यावेत. प्रत्येक कॅमेऱ्याचे एक कार्ड करावे. चकतीवरचा वेग, मोजलेला वेग, तारीख आणि मोजणाऱ्या मुलांची नावे त्यावर लिहावीत. दर वर्षी तीच मोजणी पुन्हा करावी. मुलांनी पडद्याला बोट लावू नये, शटर ताणून ठेवून कॅमेरा आत ठेवू नये, आणि फ्लॅश असलेला कॅमेरा मुळीच खोलू नये, कारण त्यातील कपॅसिटरचा जोराचा झटका बसतो. शिक्षक सोबत असतीलच. नवा खर्च म्हणजे एक फोटोडायोड आणि थोडी वायर.

तीन वर्षांनी एखादा कॅमेरा विकावा असे मंडळास वाटले, तर आमची हरकत नाही. मात्र कार्डासकट विकावा. १/५०० चा वेग प्रत्यक्षात १/३५० मिळतो, असे त्यावर लिहिलेले असेल, तर कदाचित किंमत थोडी कमी येईल. पण आपल्या शाळेतून गेलेली वस्तू खरे सांगून गेली, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असेल. ग्रंथालयात येणाऱ्या चार जादा पुस्तकांपेक्षा हा धडा कमी मोलाचा नाही, असे आमचे नम्र मत आहे. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपले मत कार्यालयात लेखी अवश्य कळवावे, ही विनंती.