शून्य किमतीचा दवाखाना

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. निर्णय योग्यच होता. त्याचे स्वागत करण्यात कोणी कद्रूपणा करू नये. परंतु किंमत शून्य झाली म्हणजे सेवा सर्वांच्या हाती आली, असा निष्कर्ष जे काढतात, त्यांनी हिंगोली जिल्ह्यातील हट्ट्यासारख्या गावाचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

हट्टा हे वसमत तालुक्यातील गाव. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि भोवतालच्या वस्त्यांनी तेथे यावे, अशी योजना आहे. हळदीच्या काढणीच्या दिवसांत एखाद्या वस्तीवरील मजूर बाईचे मूल तापाने फणफणले, तर या निःशुल्क दवाखान्याची तिला पडणारी किंमत काय? तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. सोबत नवरा वा सासू आली, तर दुसरीही बुडते. जाण्यायेण्याचे ऑटोचे भाडे वेगळेच. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा कागदावर काहीही असोत, त्या मजुरीच्या दिवसातच पडतात. औषध संपले असेल, किंवा ‘परवा या’ असे सांगण्यात आले, तर हा सारा खर्च दुप्पट होतो. मग ती रात्री गावातल्या खाजगी डॉक्टरकडे जाते, सुई टोचून घेते आणि पैसे उधारीवर ठेवते. तिला अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटतील; परंतु तिचे गणित चुकलेले नसते, चुकलेली असते ती दवाखान्याची मांडणी.

वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत आयुष्यभर वैद्यकी करणारे समाजवादी डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक नियम मांडला होता : वैद्यकीय सेवेची गरज जेथे सर्वाधिक, तेथेच ती सर्वात कमी मिळते; आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली करावी, तितका हा व्यस्त क्रम तीव्र होतो. आपल्याकडील नियोजनाने बाजाराऐवजी लोकसंख्येचा दंडक घेतला. सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक केंद्र, ५ हजारांमागे एक उपकेंद्र. दंडक वाईट नाही, मात्र तो डोकी मोजतो. अंतर, दारिद्र्य व जात मोजीत नाही. समान वाटप आणि न्याय्य वाटप या दोन भिन्न गोष्टी होत. त्यातून मराठवाड्याचा आरंभच उशिरा झाला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ साली मांडले खरे; पण तिच्यापुढे ब्रिटिश हिंदुस्थान होता आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात होता.

आज शासनाचा ओढा विम्याकडे आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेत कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची हमी देण्यात आली. ज्याच्यावर हृदयविकाराची शस्त्रक्रिया झाली, त्याला तिचे मोल विचारावे. ती निरुपयोगी नव्हे. परंतु हा पैसा माणूस रुग्णालयात खाटेवर पडल्यावरच हलतो. वसमतला, परभणीला वा नांदेडला पोहोचण्यापूर्वी, दहा वर्षे न मोजल्या गेलेल्या रक्तदाबावर तो एक पैही खर्च करीत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोक उपचाराच्या वेळी खिशातूनच भरीत होते.

याहून वेगळे काही घडू शकते काय? मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडने त्याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात आले. त्यांनी प्रथम प्रशिक्षित परिचारिका गावोगाव पाठविल्या. त्या गावात टिकल्या नाहीत, रुळल्याही नाहीत. मग गावांनीच आपल्यातील स्त्रिया निवडून दिल्या. त्यांपैकी बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित होत्या. बाळंतपण, लसीकरण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, कुपोषित मुलाचा आहार ही कामे त्यांनी केली. १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला बालमृत्यूचा दर पाच वर्षांत ५२ वर आला. पाण्याचे हातपंप तेथे दलित वस्तीत बसविण्यात आले, ही गोष्ट तर विशेषच लक्षात घ्यावी : पाणी हवे तर सवर्णांना तेथे यावे लागले. आरोग्याचा प्रश्न किती टक्के औषधाचा आणि किती टक्के सत्तेचा, हे त्या एका निर्णयात दिसते. १९७८ च्या अल्मा-आटा घोषणेत जे तत्त्व जगाने मान्य केले, ते येथे आधीच आचरणात आले होते.

समाजवादी चळवळीला मात्र स्वतःच्या इतिहासाचाही धडा आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी, जनता सरकारात राजनारायण आरोग्यमंत्री असताना, हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू झाली. मानधन महिना ५० रुपये. कल्पना उत्तम होती. परंतु निवड गावच्या पुढाऱ्यांच्या हाती गेली, बहुतेक पुरुषच नेमले गेले, आणि योजना हळूहळू विरली. २००५ नंतर आलेल्या आशा स्वयंसेविकांनी ती चूक पुष्कळशी सुधारली. तरी त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणून कामगाराचा दर्जा नाकारण्याची युक्ती शासनाने शोधली. २०२३-२४ मध्ये त्यांना संप करून आझाद मैदानात बसावे लागले, ते त्यामुळेच.

कार्यकर्त्यांचा मोर्चा बहुधा मोठ्या रुग्णालयाच्या मागणीसाठी निघतो. त्याचे भूमिपूजन होते, छायाचित्रे छापून येतात. हट्ट्याच्या केंद्रात कोणत्या महिन्यात कोणते औषध नव्हते, ही नोंद कोणी ठेवीत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत. रुग्ण कल्याण समित्या, गावच्या आरोग्य समित्या आणि ग्रामसभा कायद्याने व नियमाने उपलब्ध आहेत. हळदीच्या व कापसाच्या हंगामात मजुरी सुटल्यावर दवाखाना उघडा असावा, बाजाराच्या दिवशी उपकेंद्रात तपासणी व्हावी, उपलब्ध औषधांची यादी दाराबाहेर लावली जावी आणि आशांना वेतन म्हणून वेतन मिळावे, या मागण्यांचा ठराव पुढच्याच ग्रामसभेत मांडता येईल. त्यासाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही.