‘सबकुछ हिचकॉक’ नावाची दंतकथा

आल्फ्रेड हिचकॉकविषयी मराठीत काही लिहायचे झाले की ‘रहस्यपटांचा बादशहा’ हे बिरुद लेखणीतून आपोआप उतरते. या दोन शब्दांपैकी पहिला चुकीचा आहे आणि दुसरा घातक आहे, असे आमचे म्हणणे आहे.

पहिल्याचा निकाल चटकन लावता येईल. खुनी कोण, हे शेवटच्या पानापर्यंत झाकून ठेवणाऱ्या कथांविषयी हिचकॉकला फारशी आस्था नव्हती. टेबलाखाली बाँब आहे हे पात्रांना ठाऊक नाही, पण प्रेक्षकाला ठाऊक आहे. या विषमतेतून जो ताण निर्माण होतो तो त्याचा प्रांत. रहस्य फोडून टाकल्यावरच त्याचा खेळ सुरू होतो. तेव्हा त्याला रहस्याचा राजा म्हणणे म्हणजे त्याने जे नाकारले त्याच्याच गादीवर त्याला बसवणे होय.

आमचा खरा वाद दुसऱ्या शब्दाशी आहे. बादशहा एकटाच असतो. बाकीचे मानकरी किंवा चाकर. हिचकॉकवरील आपले लेख, परिसंवादातील निबंध आणि चित्रपट रसग्रहणाची व्याख्याने पाहिली तर हाच दरबार भरलेला दिसतो. ‘गुळाचा गणपती’ला (१९५३) ‘सबकुछ पु. ल.’ म्हटले गेले, कारण कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका खरोखरच त्यांची होती. (तिथेही सर्वांत गाजलेले गीत गदिमांचे होते, हे जाता जाता नोंदवतो.) हिचकॉकला मात्र हे ‘सबकुछ’ कोणतीही चौकशी न करता बहाल केले जाते.

या दंतकथेचा उगम शोधायला फार लांब जावे लागत नाही. जानेवारी १९५४ मध्ये तरुण फ्रान्स्वा त्र्युफोने ‘काहिए द्यु सिनेमा’ या नियतकालिकात जो प्रसिद्ध हल्ला चढवला, तो कोणावर होता? ओराँश आणि बोस्त या दोन पटकथाकारांवर. दिग्दर्शकाला ‘कर्ता’ मानणारा विचार लेखकांशी उभ्या दावा मांडूनच जन्माला आला. याच त्र्युफोने ऑगस्ट १९६२ मध्ये हिचकॉकची प्रदीर्घ मुलाखत घेतली आणि १९६६ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तो ग्रंथ सुरेख आहे यात शंका नाही. परंतु एका चतुर, प्रसिद्धीचे तंत्र पुरते अवगत असलेल्या माणसाने भक्तासमोर सांगितलेली ती स्वतःचीच कथा आहे, आणि साक्ष म्हणून ती तपासून घ्यावी लागते. आपल्याकडे ती पोथीसारखी वाचली जाते.

एक उदाहरण पाहू. ‘व्हर्टिगो’ (१९५८) ज्या कादंबरीवर आधारित आहे ती ब्वालो-नार्सजाक या फ्रेंच लेखकद्वयाची, १९५४ची. कादंबरीत मादलेन आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी स्त्री एकच आहे, हे वाचकाला अखेरीस कळते. चित्रपटात जूडी पत्र लिहायला बसते आणि सुमारे एकतृतीयांश कथा शिल्लक असतानाच आपल्याला सारे उमगते. तिथून पुढे स्कॉटी तिचे केस, तिचा करडा पोशाख, तिचे चालणे पुन्हा घडवत जातो, तेव्हा आपण त्याच्या बाजूने पाहत नाही. तिच्या बाजूने सहन करतो. चित्रपटाचे सारे थोरपण या एका बदलात आहे, असे आम्ही मानतो.

मग हा बदल कोणाचा? मुलाखतीत हिचकॉक सांगतो की सर्वांचा विरोध असताना तो त्याने केला. पटकथा पूर्ण करणाऱ्या सॅम्युअल टेलरने मात्र पुढे त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले. आणि डॅन ऑइलरने १९९८च्या आपल्या पुस्तकात चित्रपटाच्या निर्मितीचा जो तपशील दिला आहे, त्यानुसार प्रदर्शनाच्या तोंडावर खुद्द हिचकॉकच डळमळला होता. तो प्रसंग काढून टाकण्यात आला होता आणि स्टुडिओच्या प्रमुखाच्या आग्रहाने परत घालण्यात आला. कोणाचे खरे, याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण पहिली साक्ष तेवढी शिकवायची आणि उरलेल्या दोन्ही गाळायच्या, याला अध्यापन म्हणत नाहीत.

‘सायको’ची (१९६०) गोष्ट अशीच. नायिकेला कथेच्या आरंभीच न्हाणीघरात ठार मारण्याचे धाडस रॉबर्ट ब्लॉकच्या कादंबरीत (१९५९) आहे. तिचे हक्क खरेदीदाराचे नाव गुप्त ठेवून अवघ्या ९,००० डॉलरना घेतले गेले. ब्लॉकचा नॉर्मन मात्र चाळिशीचा, लठ्ठ, मद्यपी. पटकथाकार जोसेफ स्तेफानोच्या हाती तो तरुण, लाजरा, आपल्याला आवडून जाणारा झाला. हत्येच्या प्रसंगाला संगीत नकोच, हा हिचकॉकचा निर्णय होता. बर्नार्ड हर्मनने तो मानला नाही, केवळ तंतुवाद्यांची रचना करून ऐकवली आणि हिचकॉकने आपला निर्णय फिरवला. हे ऐकून घेण्याची क्षमता हा दिग्दर्शकाचा मोठा गुण आहे, आणि ‘बादशहा’ म्हणताना आपण नेमका तोच पुसून टाकतो. पुढे तो गुणही आटला. १९५४ ते १९५६ या काळात चार चित्रपट लिहून देणारा जॉन मायकेल हेज श्रेयाच्या वादातून दूर झाला. १९६६ मध्ये हर्मनशीही बिनसले.

साहित्याच्या वर्गात आम्हांला याहून चमत्कारिक दृश्य दिसते. सकाळच्या तासाला रोलाँ बार्तच्या १९६७च्या निबंधाच्या आधारे लेखकाचा मृत्यू जाहीर होतो आणि दुपारी चित्रपटाच्या तासाला तोच लेखक दिग्दर्शकाच्या वेशात सिंहासनावर बसतो! विद्यार्थी दोन्ही उत्तरपत्रिका निमूटपणे लिहितात.

हा केवळ श्रेयवाटपाचा प्रश्न असता तर आम्ही एवढा त्रागा केला नसता. ‘द बर्ड्स’च्या (१९६३) माळ्यावरील प्रसंगासाठी टिपी हेड्रनवर पाच दिवस जिवंत पक्षी फेकले गेले; यांत्रिक पक्षी वापरू, असे तिला आधी सांगण्यात आले होते. हिचकॉकने केलेल्या लैंगिक छळाविषयी तिने २०१६ मध्ये आपल्या आत्मकथनात लिहिले. डोनाल्ड स्पोटोने १९८३ मध्येच चरित्रात हा विषय मांडला होता. अन्य काही अभिनेत्रींचा अनुभव वेगळा आहे, हेही खरे. परंतु या आरोपांवर ‘प्रतिभावंताचा विक्षिप्तपणा’ हे जे ठरीव उत्तर मिळते, ते त्याच एकछत्री व्याकरणातून येते. सारे काही त्याचे असेल तर ती नटीही त्याचीच ठरते. ‘मार्नी’मधील (१९६४) बलात्काराच्या प्रसंगाला पटकथाकार इव्हान हंटरने हरकत घेतली. त्याला काढून टाकण्यात आले आणि काम जे प्रेसन ॲलनकडे गेले. हा चित्रपट करण्यामागचे हिचकॉकचे कारण तो प्रसंगच होता, असे तिने पुढे हंटरला सांगितले. लेखकाचा शब्द ज्या दरबारात चालत नाही, तिथे नेमके काय घडू शकते ते इथे दिसते.

हिचकॉक लहान ठरावा, असा आमचा हेतू नाही. ‘रिअर विंडो’तील खिडकीमागचा तो डोळा दुसऱ्या कोणाला साधला असता, असे आम्हांला वाटत नाही. आमचे म्हणणे इतकेच की तो स्वतः निदान एकदा आपल्या भक्तांपेक्षा अधिक प्रामाणिक होता. १९७९ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा जीवनगौरव स्वीकारताना त्याने चौघांचे आभार मानले: एक संकलक, एक पटकथाकार, आपल्या मुलीची आई आणि एक सुगरण. चौघांचे नाव एकच, आल्मा रेव्हिल. ती त्याच्यापेक्षा एका दिवसाने लहान, पण चित्रपटाच्या धंद्यात त्याच्याआधी आलेली. ‘सायको’ पूर्ण झाल्यावर, न्हाणीघरात मरून पडलेल्या जॅनेट लीची किंचित हालचाल पडद्यावर दिसते आहे, हे बाकी सर्वांच्या नजरेतून सुटले होते. ते आल्माने पकडले आणि तो तुकडा कापला गेला. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तिचे नाव नाही.